अभ्यासिकेच्या जागावाटपासाठी जावात छोटं वेब ॲप: स्प्रिंग बूटशिवाय सुरुवात कुठून करू?

अभ्यासिका_नंदनवन

नमस्कार. माझ्या मोठ्या काकांची नंदनवनला अभ्यासिका आहे, ६४ खुर्च्यांची. एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा देणारी मुलं-मुली येतात. मी एमसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी काउंटर सांभाळते. आतापर्यंत सगळा कारभार एका लांब रजिस्टरवर चालतो: तारीख, पाळी, खुर्ची नंबर, नाव, सही. इतर वेळी चालून जातं, पण एप्रिल लागला की नाही चालत. नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. कूलरच्या झोतात येणाऱ्या दोन रांगांसाठी रोज सकाळी वाद. एकाच खुर्चीवर दोघं हक्क सांगतात, आणि दोघंही म्हणतात, काकांनी मलाच हो म्हटलं होतं.

मला हवंय ते एवढंच: मुलांनी अभ्यासिकेच्या वायफायवर मोबाइलमध्ये पान उघडावं, उद्याच्या रिकाम्या खुर्च्या दिसाव्या, नंबर दाबला की जागा पक्की व्हावी. काउंटरवर जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०, ४ जीबी रॅम, त्यावर टॅलीही चालतं. इंटरनेट येऊन-जाऊन असतं, म्हणून बाहेरचा सर्व्हर नको, सगळं त्याच डेस्कटॉपवर पाहिजे.

कोअर जावा, कलेक्शन्स, जेडीबीसी येतं. कॉलेजात सर्व्हलेट आणि जेएसपी झालंय. स्प्रिंग बूट, म्हणजे जावात वेब ॲप बनवायचा तयार सांगाडा (फ्रेमवर्क), त्याचा नमुना प्रोजेक्ट उतरवून चालवून पाहिला. पान उघडलं, पण ते कोणी उघडलं हे मला सांगता आलं नाही. चार ॲनोटेशन (कोडवर @ ने सुरू होणाऱ्या खुणा) लावली की सगळं आपोआप होतं, आणि काही अडलं की कुठे बघायचं तेच कळत नाही. हलकं फ्रेमवर्क म्हणून स्पार्क, जावालिन, मायक्रोनॉट अशी नावं वाचली. यातलं कोणतं घेऊ आणि पहिलं पाऊल काय? आणि दोन मुलांनी एकाच क्षणी एकच खुर्ची दाबली तर काय होईल, ही काळजी सगळ्यात मोठी आहे.

हिंगणारोड

ताई, वेळ घालवू नका. नोकरीच्या जाहिराती उघडून पाहा, जावा म्हटलं की पुढे स्प्रिंग बूट असतंच. जे पुढे लागणार तेच आत्ता शिका. ॲनोटेशन सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातात, महिनाभरात हात बसतो. ४ जीबीत स्प्रिंग बूट चालतं, आमच्याकडे चाललंय.

त्रिमूर्तीनगर

हिंगणारोड यांचं नोकरीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. मीही गायत्रीनगरच्या आयटी पार्कात रोज स्प्रिंग बूटवरच काम करतो. तरी ताईंना मी जावालिन सुचवीन. त्यांचा प्रश्न ‘पान कोणी उघडलं’ हा आहे, आणि हा प्रश्न नोकरी लागल्यावर कोणी समजावून देत नाही. तिथे सगळे गृहीत धरतात की तुम्हाला माहीत आहे.

हलकं फ्रेमवर्क म्हणजे नेमकं काय ते आधी पाहू. ब्राउझरकडून विनंती येते: गेट किंवा पोस्ट, पत्ता, हेडर आणि असला तर मजकूर. ती वाचायची आणि उत्तर पाठवायचं. जावात हे काम सर्व्हलेट करतं, ते तुम्ही शिकलाच आहात. हलकं फ्रेमवर्क त्यावर दोन सोयी देतं. कुठल्या पत्त्याला कुठला कोड चालेल ते एका ओळीत लिहिता येतं, आणि विनंती नि उत्तर दोन्ही हाताळायला एकच सुटसुटीत ऑब्जेक्ट मिळतो. वेगळं टॉमकॅट टाकायला नको, वॉर फाइल नको, वेब डॉट एक्सएमएल नको. सर्व्हर तुमच्याच मेन मेथडमधून उठतो.

ही पद्धत रूबीतल्या सिनात्राने २००७ मध्ये रूढ केली, जावात ती स्पार्कने आणली. हे स्पार्क म्हणजे मोठ्या डेटासाठीचं अपाची स्पार्क नव्हे, शोधताना दोन्ही एकत्र येतात तेवढं सांभाळा. २०१७ मध्ये डेव्हिड ओसे यांनी स्पार्कच्याच कोडमधून वेगळा फाटा काढला, तेच जावालिन. स्पार्कचं काम गेली काही वर्षं थंडावलंय, म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याने जावालिनच घ्यावं. मायक्रोनॉट २०१८ चं आणि क्वार्कस २०१९ चं. तेही हलके म्हणवतात, पण त्यांचा हलकेपणा निराळा: लवकर सुरू होणं, कमी मेमरी खाणं, बरंचसं काम कंपाइल होतानाच उरकून टाकणं. लिहिताना मात्र ॲनोटेशन तिथेही भरपूर. तुमची अडचण तीच आहे, तेव्हा ते दोन्ही आज बाजूला ठेवा.

सुरुवात अशी करा. जावा २१ टाका. मेवनचा (बाहेरच्या लायब्ररी आणून प्रोजेक्ट बांधणारं साधन) साधा प्रोजेक्ट करा आणि त्याच्या पोम फाइलमध्ये जावालिन-बंडल ही एकच डिपेंडन्सी, म्हणजे लागणारी लायब्ररी, लिहा. मी जे सांगतोय ते सहाव्या आवृत्तीप्रमाणे आहे. बंडलमध्ये जेसनसाठी जॅक्सन आणि लॉगिंगसाठी लॉगबॅक सोबतच येतं. नुसतं जावालिन घेतलं तर सुरू होताना ‘लॉगर दिसत नाही’ अशी सूचना येते. ॲप तरीही चालतं, पण मग आत काय बिनसलं ते कुठेच लिहिलं जात नाही.

मेन मेथडमध्ये तीन गोष्टी. जावालिनचं क्रिएट बोलावून ॲप तयार करायचं. त्यावर गेट बोलावून मूळ पत्ता, म्हणजे नुसती तिरपी रेघ, आणि एक लॅम्डा, म्हणजे नाव नसलेली छोटी मेथड, द्यायचा. त्या लॅम्डाला कॉन्टेक्स्ट मिळतो, सगळे त्याला सीटीएक्स म्हणतात. त्याच्या रिझल्ट मेथडला ‘अभ्यासिका सुरू आहे’ एवढी स्ट्रिंग द्या. शेवटी स्टार्टला ७०७० हा पोर्ट. ८०८० मुद्दाम टाळा, कॉलेजसाठी टाकलेलं टॉमकॅट किंवा ओरॅकल एक्सप्रेस बरेचदा तो अडवून बसलेलं असतं.

पान दिसलं की पुढे पळू नका. त्या लॅम्डाच्या आत डिबगरचा ब्रेकपॉइंट लावा आणि पान परत उघडा. कोड थांबेल. आता कॉल स्टॅक खालून वर वाचा. सगळ्यात खाली थ्रेडचं रन दिसेल. त्यावर जेटीचा, म्हणजे जावालिनच्या आत चालणाऱ्या वेब सर्व्हरचा, थ्रेड पूल. त्यावर जेटीचा विनंती वाचणारा भाग. मग तुमच्या ओळखीचं सर्व्हलेटचं सर्व्हिस. मग जावालिनचे काही क्लास, आणि अगदी वर तुम्ही लिहिलेली ओळ. पान कोणी उघडलं याचं उत्तर तुमच्या समोर, नावानिशी उभं असतं. प्रत्येक ओळीवर क्लिक करून तो क्लास उघडा. सगळं समजायची गरज नाही, पण कोण कोणाला बोलावतंय ते वहीत लिहून काढा. मी नवीन मुलांना पहिल्यांदा हेच करायला लावतो. स्प्रिंगमध्येही असा स्टॅक दिसतोच, फक्त मधे प्रॉक्सी आणि इंटरसेप्टर इतके असतात की नवख्याची नजर हरवते.

कॉलेजचं सर्व्हलेट इथे वाया जात नाही. सीटीएक्सवर आरईक्यू बोलावलं की तुम्हाला माहीत असलेला एचटीटीपी सर्व्हलेट रिक्वेस्टच हातात येतो. एक फरक मात्र आहे. तुम्ही बहुधा जावाएक्सने सुरू होणारी पॅकेजं शिकलात. २०२० मध्ये जकार्ता ईई ९ आलं तेव्हा ती सगळी जकार्ता या नावाने सुरू व्हायला लागली आणि जावालिन पाचव्या आवृत्तीपासून नव्या नावावर आहे. जुना इम्पोर्ट चिकटवला की कंपायलर तक्रार करतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

जुन्या धड्यांपासूनही जपा. पत्त्यातला बदलता भाग, म्हणजे खुर्ची नंबर वगैरे, आधी अपूर्णविरामाने लिहायचे. चौथ्या आवृत्तीपासून तो महिरपी कंसात लिहितात. सहाव्यात एकत्र राउट मांडायची पद्धत बदलून कॉन्फिगच्या राउटरमध्ये गेली, आणि ॲक्सेस मॅनेजर काढून टाकलाय. यूट्यूबवर मिळणारं निम्मंअधिक साहित्य जुनं आहे. पोममध्ये जो आकडा लिहाल त्याच आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन उघडा.

आता तुमची मोठी काळजी. जेटी प्रत्येक विनंतीला पूलमधला एक मोकळा थ्रेड देतो, असे अनेक थ्रेड एकाच वेळी काम करतात. समजा दोघांनी १७ नंबर दाबला. पहिला थ्रेड डेटाबेसला विचारतो, १७ रिकामी आहे का? आहे. पहिल्याने अजून लिहिलेलं नसतानाच दुसरा विचारतो, त्यालाही तेच उत्तर. दोघंही लिहून मोकळे. रजिस्टरवर जे होत होतं तेच आता मिलिसेकंदांत झालं. यावर जावातलं सिंक्रोनाइज्ड, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लावायचं पटकन सुचतं. आज ते चालेलही. पण उद्या काउंटरसाठी वेगळा प्रोग्राम केला आणि तोही त्याच डेटाबेसमध्ये लिहायला लागला, की या प्रोसेसच्या आतलं कुलूप त्याला दिसतच नाही.

म्हणून निर्णय डेटाबेसकडे सोपवा. एसक्यूलाइट घ्या, एका फाइलचा डेटाबेस आहे, वेगळा सर्व्हर लागत नाही, ४ जीबीच्या मशीनवर फार सोयीचा. बुकिंगच्या टेबलात तारीख, पाळी आणि खुर्ची या तिन्हींवर मिळून एक युनिक बंधन घाला, म्हणजे तेच तिन्ही पुन्हा आले तर डेटाबेस ते घेणार नाही. मग ‘रिकामी आहे का’ हे विचारूच नका, सरळ इन्सर्ट करा. एकाची ओळ जाईल, दुसऱ्याला एक्सेप्शन मिळेल. त्या एक्सेप्शनमधला कोड तपासा. तो युनिक बंधनाचाच असेल तर जावालिनचं कॉन्फ्लिक्ट रिस्पॉन्स फेका, ब्राउझरला ४०९ हा ‘टक्कर झाली’ असं सांगणारा कोड जातो. पानावर लिहा: ही जागा आत्ताच गेली, दुसरी निवडा. कोड न तपासता प्रत्येक एक्सेप्शनला ‘जागा गेली’ म्हणू नका. डिस्क भरली असेल तरी तेच उत्तर जाईल आणि खुर्ची रिकामीच पडून राहील.

दिवसभराचे सदस्य असतील तर त्यांच्या सकाळ-दुपारच्या दोन ओळी जायला हव्यात, आणि गेल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. जेडीबीसीत ऑटोकमिट आपोआप चालू असतं, ते बंद करा, दोन्ही इन्सर्ट झाल्यावर कमिट, मधे काही फसलं तर रोलबॅक. दिवसभराच्या सदस्याला अर्धा दिवस खुर्ची मिळाली आणि अर्धा दिवस नाही, असं झालं तर काउंटरवर तुम्हालाच ऐकावं लागेल. क्वेरीत नाव, नंबर जोडून स्ट्रिंग बनवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंटच वापरा.

फॉर्म पोस्ट झाल्यावर त्याच उत्तरात पान दाखवू नका. बुकिंग झालं की रिडायरेक्ट करून ‘माझी जागा’ या गेटच्या पत्त्यावर पाठवा. नाहीतर मुलगा पान रिफ्रेश करतो आणि तीच पोस्ट परत येते.

पानांसाठी जेटीई हे टेम्प्लेट घ्या. दिसायला जेएसपीच्या जवळचं आहे, आणि एचटीएमएलमध्ये नावं टाकताना ते घातक चिन्हं स्वतःच निष्प्रभ करतं. स्ट्रिंग जोडून एचटीएमएल बनवलं तर कोणी नावाच्या जागी स्क्रिप्ट टाकली तरी ती सगळ्यांच्या मोबाइलवर चालेल. परीक्षेची तयारी करणारी पोरं हुशार असतात, कोणीतरी करून पाहीलच.

अभ्यासिका_नंदनवन

दादा, खूप आभार. ब्रेकपॉइंटवालं केलं. स्टॅकमध्ये सर्व्हिस हे नाव दिसल्यावर एकदम ओळखीचं वाटलं, कॉलेजात त्यावरच प्रश्न आला होता. युनिक बंधनही घातलं. मी आणि माझ्या बहिणीने दोन मोबाइलवर एकाच वेळी १७ दाबून पाहिलं, एकीला जागा आणि दुसरीला ४०९.

आता दुसरंच अडलं. सदस्यांची यादी काकांनी एक्सेलमध्ये ठेवली आहे, मराठीत. ती सीएसव्ही करून फाइल रीडरने वाचते आणि डेटाबेसमध्ये टाकते. काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येत आहेत. एकदा वेगळ्या पद्धतीने सेव्ह केली तर प्रश्नचिन्हांऐवजी ए या अक्षरावर टोप्या घातलेली विचित्र अक्षरं आली. कमांड विंडोत तर सगळंच बिघडलेलं दिसतं. डेस्कटॉपवर जावा ११ आहे, २१ माझ्या लॅपटॉपवर आहे. फॉर्ममध्ये मराठीत लिहिलेलं नाव मात्र नीट जातं. हे काऊन होत असेल?

त्रिमूर्तीनगर

तुम्ही दोन्ही प्रकार नीट वेगळे सांगितलेत, त्यामुळे शोधणं सोपं आहे. प्रश्नचिन्हं आणि विचित्र अक्षरं हे दोन निरनिराळे आजार आहेत.

प्रश्नचिन्ह म्हणजे मजकूर लिहिताना अशा एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) लिहिला गेला ज्यात देवनागरीला जागाच नव्हती. अक्षर गेलं, त्याच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह बसलं. ते परत आणता येत नाही, मूळ फाइलकडेच जावं लागतं. विचित्र अक्षरं म्हणजे बाइट बरोबर आहेत, वाचणाऱ्याने चुकीच्या एन्कोडिंगने वाचले. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं असतं. ते तीन बाइट विंडोजच्या पाश्चात्त्य कोड पेजने वाचले की तीन वेगळी लॅटिन चिन्हं दिसतात, आणि त्यातलं पहिलं नेहमी तेच टोपीवालं ए असतं, कारण देवनागरीचा पहिला बाइट ठरलेला आहे. इथे नुकसान झालेलं नाही.

तुमच्याकडे पहिला प्रकार एक्सेलमध्येच झालाय. सेव्ह ॲजमध्ये साधं सीएसव्ही निवडलं की देवनागरी तिथेच जाते. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा, प्रश्नचिन्हं तिथेच दिसतील. सीएसव्ही यूटीएफ-८ हा वेगळा पर्याय असतो, तो निवडा. दुसऱ्यांदा तुम्ही बहुधा तोच निवडलात, फाइल बरोबर झाली, पण जावा ११ च्या फाइल रीडरने विंडोजचं ठरलेलं एन्कोडिंग धरून ती वाचली. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, सगळीकडे यूटीएफ-८ हेच ठरलेलं एन्कोडिंग झालंय, म्हणून लॅपटॉपवर कदाचित हा त्रास दिसणार नाही आणि डेस्कटॉपवर दिसेल. डेस्कटॉपवरही २१ टाका. शिवाय फाइल रीडरऐवजी फाइल्स क्लासचं न्यू बफर्ड रीडर वापरा, ते जुन्या जावातही काही न सांगता यूटीएफ-८ धरतं.

एक्सेलच्या यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारं एक चिन्ह असतं, बीओएम. जावा ते गाळत नाही. ते पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्याला चिकटतं, आणि मग यादीतला पहिला सदस्य शोधला की सापडत नाही, दिसायला नाव अगदी तेच. पहिली ओळ वाचल्यावर पहिलं अक्षर तपासून ते काढून टाका.

कमांड विंडोवर विश्वास ठेवू नका. तिचं कोड पेज वेगळं, तिच्या फॉन्टमध्ये देवनागरी असेलच असं नाही. डेटा बरा आहे की नाही ते ब्राउझरमध्येच पाहा. फॉर्ममधलं नाव नीट जातं, कारण पान यूटीएफ-८ मध्ये आहे आणि ब्राउझर पानाच्याच एन्कोडिंगमध्ये फॉर्म पाठवतो. टेम्प्लेटच्या वरच्या भागात मेटा चारसेट लिहिलेलं राहू द्या. पोममध्ये सोर्स एन्कोडिंगही यूटीएफ-८ लिहून ठेवा, कोडमधल्या मराठी सूचनांसाठी ते लागतं.

सदरकर

मी नेटवर्कचं काम करतो, जावा येत नाही, पण तुमचा डेस्कटॉप आणि पोरांचे मोबाइल यांच्यामधलं सांगतो. मोबाइलवरून पान उघडत नसेल तर आधी प्रोग्रामला दोष देऊ नका. विंडोज फायरवॉल पहिल्यांदा जावाला परवानगी विचारते, घाईत रद्द दाबलं जातं. ७०७० पोर्टसाठी आत येणारा नियम घाला, फक्त प्रायव्हेट नेटवर्कपुरता, आणि अभ्यासिकेचं वायफाय प्रायव्हेट म्हणून नोंदलंय ना ते पाहा. दुसरं, राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन चालू असेल तर एका वायफायवरची दोन उपकरणं एकमेकांना दिसतच नाहीत. मुलांना गेस्ट वायफाय दिलं असेल तर ९० टक्के अडचण हीच.

डेस्कटॉपचा आयपी राउटरमध्ये बांधून टाका, नाहीतर लाइट गेली-आली की बदलतो. मग त्या पत्त्याचा क्यूआर छापून दाराशी लावा, कोणाला आकडे टाइप करायला लावू नका.

आणि एक महत्त्वाचं. हे साधं एचटीटीपी आहे, त्या वायफायवर बसलेल्या कोणालाही थोड्या खटपटीने इतरांची विनंती वाचता येते. पोरांकडून पासवर्ड घेऊ नका, ती तोच पासवर्ड ईमेललाही वापरतात. काउंटरवरून चार अंकी पिन द्या, तो फक्त खुर्चीपुरता. आधार नंबर, जन्मतारीख, फीचा हिशोब यातलं काही त्या पानांवर नको.

त्रिमूर्तीनगर

सदरकरांनी सांगितलं ते लाखमोलाचं आहे. त्याला धरून जावालिनची बाजू सांगतो. काउंटरच्या सगळ्या पानांचा पत्ता काउंटर या शब्दाने सुरू करा आणि त्या पत्त्यांवर बिफोर हँडलर लावा. त्यात सेशनमध्ये काउंटरची खूण आहे का ते पाहा, नसेल तर अनऑथराइज्ड रिस्पॉन्स फेका. तपासणी एकाच ठिकाणी राहते, नवीन पान जोडताना विसरायची भीती नाही. पिन सलग चुकला तर काही मिनिटं थांबवा, चार अंकी पिन म्हणजे फक्त १०,००० शक्यता, एक स्क्रिप्ट सगळ्या तपासून काढेल.

हिंगणारोड

तुम्ही इतकं समजावलंत ते चांगलंच आहे, पण माझा मूळ मुद्दा उरतोच. हे सगळं शिकून ताईंना मुलाखतीत स्प्रिंग विचारतील तेव्हा काय?

त्रिमूर्तीनगर

तेव्हा त्या उत्तर देतील, आणि पाठ केलेल्यापेक्षा बरं देतील. बिफोर हँडलर म्हणजे तिथले फिल्टर आणि इंटरसेप्टर. जावालिनचं एक्सेप्शन बोलावून एका प्रकारच्या चुकीला एक उत्तर बांधणं म्हणजे तिथलं कंट्रोलर ॲडव्हाइस. पत्ता आणि लॅम्डाची जोडी म्हणजे गेट मॅपिंग. तुम्ही हाताने चालू-बंद केलेलं ऑटोकमिट म्हणजे ट्रान्झॅक्शनल हे ॲनोटेशन मागे जे करतं ते. स्प्रिंग बूट आपोआप टॉमकॅट उठवतं, इथे जेटी उठलं. फरक उरतो तो डिपेंडन्सी इंजेक्शनचा. ते इथे तुम्ही स्वतः करा: बुकिंग सेवेचा ऑब्जेक्ट मेनमध्ये तयार करा, त्याच्या कन्स्ट्रक्टरला डेटाबेसचा ऑब्जेक्ट द्या. स्प्रिंग हेच करतं, तुमच्यासाठी.

एवढं मात्र मी मान्य करतो, की ॲप वाढलं, लॉगिनचे पाच प्रकार आले, दहा जणांची टीम एका कोडवर बसली, तर स्प्रिंग घ्यावं. तिथे ठरलेली शिस्त लागते आणि जावालिन ती लादत नाही. ६४ खुर्च्यांना तिची गरज नाही. हे संपलं की ताईंनी हेच ॲप स्प्रिंग बूट ३ मध्ये परत लिहावं, त्याला जावा १७ किंवा पुढचं लागतं, ते तुमच्याकडे आहेच. डेटाबेस तोच, टेम्प्लेट तीच, फक्त मधला थर बदलेल.

अभ्यासिका_नंदनवन

हिंगणारोड दादा, तुमचंही बरोबर आहे, सुटीत स्प्रिंगमध्ये लिहिणार आहेच. नावं आता नीट येत आहेत. पहिल्या सदस्याचं नाव खरंच सापडत नव्हतं, बीओएम काढल्यावर सापडलं. क्यूआर दाराशी लावलाय आणि कूलरच्या दोन रांगा पानावर वेगळ्या रंगात दाखवल्या आहेत.

शेवटचा प्रश्न. उन्हाळ्यात लाइट जातेच. डेस्कटॉप मधेच बंद पडला तर बुकिंग जाईल का? आणि काका सकाळी उघडतात तेव्हा त्यांना जावा वगैरे काही चालू करायला लागू नये.

त्रिमूर्तीनगर

कमिट झालेलं बुकिंग जात नाही. एसक्यूलाइट बदल करण्याआधी जर्नल फाइलमध्ये नोंद ठेवतं. मधेच वीज गेली तर पुढच्या वेळी फाइल उघडताना अर्धवट काम मागे घेतं. त्याची सिंक्रोनसची मूळ सेटिंग बदलू नका, वेगासाठी ती बंद करायचा सल्ला कुठेतरी वाचायला मिळेल, तुम्हाला तो वेग नकोय. डेस्कटॉपला छोटा यूपीएस असला तर बरं, राउटरही त्यालाच जोडा.

आपोआप सुरू होण्यासाठी मेवनच्या शेड प्लगइनने सगळ्या डिपेंडन्सीसकट एकच जार बनवा. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नवीन टास्क करा, ट्रिगर ‘ॲट स्टार्टअप’, आणि लॉगिन असो-नसो चालेल असा पर्याय निवडा. जावाच्या कमांडमध्ये एक्सएमएक्स १२८ एम द्या, म्हणजे हीप (जावा ऑब्जेक्ट ठेवते ती मेमरी) १२८ एमबीच्या वर जाणार नाही आणि टॅलीला त्रास होणार नाही. ‘स्टार्ट इन’ या रकान्यात फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा. तो रिकामा ठेवला तर प्रोग्राम भलत्याच फोल्डरमध्ये नवीन रिकामी डेटाबेस फाइल तयार करतो आणि सगळी बुकिंगं गायब झाल्यासारखी दिसतात. त्याच टास्कच्या सेटिंग्जमध्ये तीन दिवसांनी टास्क थांबवायची खूण आधीच केलेली असते, ती काढा. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपणहून सुरू करायची सेटिंग बहुतेक डेस्कटॉपना असते, तीही लावा.

बॅकअप घेताना चालू फाइल नुसती कॉपी करू नका, कॉपी होत असतानाच कोणी बुकिंग केलं तर प्रत अर्धवट निघते. रोज रात्री ॲपमधूनच व्हॅक्यूम इंटू ही कमांड नव्या फाइलच्या नावासह चालवा, चालू डेटाबेसची पूर्ण प्रत मिळते. नावात तारीख घाला, कारण त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती कमांड नाही म्हणते. प्रत पेनड्राइव्हवर जाऊ द्या, आणि महिन्यातून एकदा ती लॅपटॉपवर उघडून आतली नावं वाचून पाहा.